जुन्या मोझाईकवर दोन बाय चारची फरशी: आधी खालचं बघा

प्रश्न मिरजेजवळच्या एका गावातून आलाय. तळमजल्याचं घर, १९९६ चं बांधकाम. हॉल १२ बाय १८ फूट, त्यात मोझाईकच्या लाद्या. लागून स्वयंपाकघर, तिथं शहाबादी. विचारणारे हायस्कूलला शिक्षक आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला हाताशी घेऊन दोन्ही खोल्यांत दोन बाय चारची व्हिट्रिफाइड फरशी स्वतः बसवायची म्हणतायत. हॉलसाठी १६ खोकी आणून ठेवलीसुद्धा. जुनं काढायचं की वरच बसवायचं, सिमेंटवर की ॲडेसिव्हवर (फरशी चिकटवायचा पोत्यातला तयार माल), आणि तयारी काय करायची, असं त्यांनी विचारलंय.

सर, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देतो. हॉलची मोझाईक परीक्षेत पास झाली तर काढू नका, वरच बसवा. स्वयंपाकघरातली शहाबादी काढाच, पण या दिवाळीत नाही. सिमेंटवर बसवू नका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी कराडचा. चुलत्यांच्या हाताखाली बिगारी म्हणून माल कालवायला लागलो त्याला २६ वर्षं झाली. शहाबादी, कोटा, मोझाईक सगळं आम्ही जाड मालावर बसवायचो. खाली दीड-दोन इंच माल, वर सिमेंटची स्लरी, फरशीवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारली की फरशी बसली. जमीन अर्धा इंच खाली-वर असली तरी माल सांभाळून घ्यायचा. गवंड्याचं सगळं कसब त्या मालात. ॲडेसिव्हचा थर असतो पाच-सहा मिलिमीटरचा, तो कुणाला सांभाळून घेत नाही. वर चार फुटांची ताठ फरशी, ती वाकत नाही. खाली उंचवटा असला तर ती त्यावर डुलते आणि तिची कड शेजारणीपेक्षा वर राहते. मग रोज पायाला ठेच, पुसताना फडकं अडकतं. एक फुटाच्या लादीत जे झाकलं जायचं ते चार फुटांच्या फरशीत उघडं पडतं. म्हणून पूर्वी मालात घालायचो ती मेहनत आता जमिनीत घालायची. तुमची सुट्टी दहा दिवसांची असेल तर सहा दिवस जमिनीला द्या.

सिमेंट का नको, तर व्हिट्रिफाइड फरशी पाणी पीत नाही. तिचं पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतं. शहाबादीच्या, मोझाईकच्या पाठीत स्लरी मुरायची आणि पकड यायची. इथं मुरायला जागाच नाही. सुरुवातीला घट्ट वाटतं, वर्ष-दोन वर्षांत पोकळ वाजायला लागतं.

आता हॉल. सामान बाहेर काढा आणि प्रत्येक लादी वाजवून बघा. लोखंडी सळईचा तुकडा घ्या, प्रत्येक लादीचे चार कोपरे आणि मध्य ठोका. ठण वाजलं तर चिकटलेली आहे, ढब वाजलं तर सुटलेली. सुटलेल्यांवर खडूनं फुली मारा. पाच-दहा फुल्या असतील तर तेवढ्या लाद्या काढून खड्डे पॉलिमर रिपेअर मॉर्टरनं भरा. तिसरा हिस्सा खोली फुल्यांनी भरली तर नाद सोडा, सगळी काढा. सुटलेल्या लादीवर कितीही भारी ॲडेसिव्ह लावलं तरी ते सुटलेल्याच लादीला चिकटणार.

दुसरी परीक्षा जमिनीच्याही खालची. तुमच्याकडची माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात मुरूम थराथरानं पाणी मारून चोपला असेल तर काळजी नाही. पण त्या काळातल्या बऱ्याच घरांत पायाची खणलेली काळी मातीच जोत्यात ढकललेली सापडते. खूण म्हणजे स्कर्टिंग आणि लादी यांच्यात फट, किंवा हॉल धुतला की मधोमध पाण्याचं तळं. भेग असेल तर तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा रुपयाएवढा टिकला लावा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. टिकला चिरला तर भेग अजून चालू आहे. चालू भेगेवर मोठी फरशी बसवणं म्हणजे तीच भेग नव्या फरशीत विकत घेणं. तिथं खाली उतरून भरावच दुरुस्त करावा लागतो, आणि ते सुट्टीत उरकायचं काम नाही.

घरात पुराचं पाणी आलेलं असेल तर ही परीक्षा दोनदा करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत इर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथं ४५. त्या पुरानंतर सांगलीवाडीत एका घरात मला बोलावलं. फरशी मोठी, नवीकोरी, दिसायला झकास. पाणी ओसरून दोन महिने झाले तरी सांध्यांतून ओल वर येत होती. एक फरशी उचलली तर खाली कोरड्या मालाचा थर, त्यातली वाळू ओली गच्च, आणि फरशीची पाठ कोरी करकरीत. सिमेंटचा कण चिकटलेला नव्हता. सगळी खोली त्या वाळूवर नुसती मांडून ठेवलेली होती. अठ्ठावीस फरश्या आम्ही हातानं उचलल्या, एकीलाही छिन्नी लावावी लागली नाही.

ओलीची परीक्षा साधी आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरा आणि चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा. खोलीत तीन-चार ठिकाणी असं करा, एक बाहेरच्या भिंतीलगत. एक दिवस-रात्र थांबून उचला. कागदाला आतून थेंब असले किंवा खालची लादी काळपट दिसली तर ओल वर येतेय. ही परीक्षा मे महिन्यात करू नका, तेव्हा सगळीच घरं पास होतात. श्रावण-भाद्रपदात करा. थोडी ओल सिमेंटच्या ॲडेसिव्हला मारक नसते, पण तुमच्या भागात उसाच्या पाण्यानं जमिनी क्षारपड झाल्यात. ओल वर येताना क्षार घेऊन येते आणि सांध्यांत पांढरी भुकटी साठते. बाहेरच्या बाजूला पाणी भिंतीशी साठत असेल, पन्हाळीचं पाणी जोत्यावर पडत असेल, तर आधी तिथं उतार काढा. निम्मी ओल तिथंच थांबते. ॲडेसिव्ह कालवायलाही बोअरचं खारं पाणी नको, प्यायचं पाणी वापरा.

हॉल या सगळ्यातून पार पडला असं धरतो. आता सपाटपणा. इथं एक गोंधळ नेहमी होतो. लेव्हल आणि सपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोली एका टोकाला अर्धा इंच खाली असली तरी चालेल, तुम्हाला कळणारही नाही. पण मधे कुठं टेंगूळ किंवा खळगा नको. सहा-सात फुटांची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. सरळ आहे का ते दोन बाजूंनी ताडून बघा, दुकानातली प्रत्येक पट्टी सरळ नसते. मग ती खोलीभर फिरवा: उभी, आडवी, तिरकी. पट्टीखाली २ मिमीचा स्पेसर (सांध्यात ठेवायचा प्लास्टिकचा तुकडा) सरकला तर तिथं खळगा, पट्टी डुलली तर तिथं टेंगूळ. दहा फुटांत तीन मिलिमीटर यापेक्षा जास्त फरक मी चार फुटी फरशीखाली ठेवत नाही. टेंगळाला गोल, खळग्याला फुली. पहिल्यांदा केलंत तर जमीन बघून घाबराल, इतक्या खुणा होतील. घाबरू नका. टेंगळं ग्राइंडरला डायमंड कप (घासायची वाटीसारखी चकती) लावून घासा, खळगे रिपेअर मॉर्टरनं भरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी फिरवा. मी तीनदा फिरवतो.

घासताना दुसरं कामही उरकतं. मोझाईकला वर्षानुवर्षं मेण, पॉलिश आणि फिनाइल बसलेलं असतं. सगळा हॉल कप लावून खरबरीत करा, नुसती चमक गेली म्हणून थांबू नका. मग पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर पॉलिश शिल्लक आहे, पसरून मुरायला लागला तर झालं. धूळ भयंकर उडते आणि तिच्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही, चांगला मास्क आणा. आमच्या पिढीनं रुमालावर दिवस काढले, आता खोकतो. शेवटी धूळ झाडून, ओल्या फडक्यानं पुसून, ॲडेसिव्हच्याच कंपनीचा जुन्या फरशीसाठीचा प्रायमर मारा.

स्वयंपाकघरावर फार बोलत नाही. शहाबादीला थर असतात, पापुद्रे सुटतात. जुन्या घरात ती मातीच्या नाहीतर चुन्याच्या मालावर असते. तिच्या पाठीवर भरवसा ठेवून वर फरशी चिकटवायची नाही. ती काढून, मुरूम चोपून, खाली प्लास्टिकचा कागद घालून काँक्रीट आणि कोबा करा. कोबा सात दिवस ओला ठेवा आणि ओतल्यापासून २८ दिवस होऊ द्या. दिवाळीच्या सुट्टीत हे बसत नाही. शिवाय सणात चूल बाहेर मांडायला लावलीत तर घरात तुमचं काय होईल ते मी सांगायला नको. हॉलची पातळी साधारण १५ मिमीनं वर येणार, ९ फरशीचे आणि ५-६ ॲडेसिव्हचे. स्वयंपाकघर नंतर उकरणारच आहात, तर कोबा असा ओता की दोन्हीकडच्या फरश्या दारात एकाच पातळीला मिळतील.

आता खोकी. दुकानदारानं क्षेत्रफळावर हिशेब केलाय. २१६ चौरस फूट, खोक्यात दोन फरश्या, साडेपंधरा फूट, म्हणून १४ खोकी आणि दहा टक्के वर. कागदावर बरोबर, जमिनीवर अर्धवट. दोन बाय चार म्हणतात ती फरशी खरी ६०० बाय १२०० मिमी. तुमची खोली १२ फूट म्हणजे ३६५८ मिमी रुंद. सहा ओळी बसवल्या की भिंतीला जेमतेम पावणेदोन इंच उरतात. एवढी पट्टी कापायला अवघड, दिसायला वाईट. नेहमीचा उपाय म्हणजे पाच ओळी अख्ख्या आणि दोन्ही भिंतींना फूटभराचे सारखे पट्टे. पण ते दोन पट्टे मिळून ६०० च्या थोडे वर जातात. म्हणजे एका फरशीतून दोन्ही निघत नाहीत, दोन फरश्या लागतात. एकूण सात ओळी, ओळीला पाच, म्हणजे ३५ फरश्या. तुमच्याकडं ३२ आहेत.

तुमच्या मापाला दुसरा रस्ता आहे. सांधा २ ऐवजी ३ मिमीचा धरा. सहा ओळी आणि पाच सांधे मिळून ३६१५. उरले ४३, दोन्ही भिंतींना २१-२१. ही फट स्कर्टिंगखाली जाते: मागं १० मिमी प्लास्टरची पट्टी, ३ मिमी ॲडेसिव्ह आणि ९ मिमीची फरशी, २२ झाले. लांबीत चार अख्ख्या आणि एक साधारण ६५० मिमीचा तुकडा, तो शोकेसखाली जाऊ दे. ३० फरश्यांत खोली. उरलेल्या सहा तुकड्यांतून चार इंची स्कर्टिंग कापली की दारं सोडून सगळी भिंत भागते.

हे जमायला एक अट आहे, भिंती गुण्यात, म्हणजे एकमेकींना काटकोनात पाहिजेत. १८ फुटांवर पाच ठिकाणी रुंदी मोजा. ३६३५ च्या खाली आणि ३६६० च्या वर कुठं जायला नको. मग दोन्ही कर्ण मोजा. १२ बाय १८ चा कर्ण २१ फूट साडेसात इंचांच्या आसपास येतो. दोन्हींत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर सात ओळींचा रस्ता धरा आणि आणखी खोकी आणा. तसंही एक खोकं जास्त आणाच, पहिल्यांदा कापणाऱ्याच्या दोन तरी फुटतात. आणताना खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर तोच आहे का बघा. गुजरातेत मोरबीला या फरश्या बनतात, तिथून पुढच्या लॉटमध्ये तीच फरशी अर्धी छटा वेगळी येते, आणि ती नेमकी सोफ्यासमोर दिसते.

फरश्यांची आणखी एक गोष्ट बघा. दोन फरश्या तोंडाला तोंड लावून उभ्या धरा आणि मधली फट बघा. चार फुटी फरशीत थोडा बाक असतोच. म्हणून विटेसारखी अर्ध्यावर अर्धी मांडणी करू नका, एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या कोपऱ्याशी येतो. सरळ मांडणी करा. हौसच असेल तर एकतृतीयांश सरक, त्यापुढं नाही.

ॲडेसिव्हच्या पोत्यावर आयएस १५४७७ आणि टाइपचा आकडा बघा. टाइप १ स्वस्त असतं, ते या कामाला नको. जुन्या फरशीवर मोठी फरशी हा वापर माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेला असावा, साधारण टाइप ३ आणि त्यापुढं तो येतो. काही पोत्यांवर सी२टीई लिहिलेलं असतं. त्यातल्या ई चा अर्थ लावल्यावर ते जरा जास्त वेळ ओलं राहतं, नवख्याला फार उपयोगी. पोत्यावर २० किलोत पन्नास-पंचावन्न चौरस फूट असं छापलेलं असतं, ते ३ मिमी थराचं. फरशीच्या पाठीलाही लावायचं असल्यानं तुम्हाला तीस-पस्तीस फूट मिळतील. हॉलला सात पोती धरा. त्यात पैसे वाचवायला सिमेंट मिसळायचं नाही. मी हे सांगून कंटाळलोय, तरी मिसळणारे मिसळतात.

पाणी मापून घाला, ड्रिलला पाते लावून हळू फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा फिरवा. नंतर घट्ट झालं म्हणून पाणी मारायचं नाही, टाकून द्यायचं. एका वेळी अर्धं पोतंच कालवा. पंखा बंद ठेवा. बोट लावल्यावर ॲडेसिव्ह बोटाला लागलं नाही तर वर साय धरली, खरवडून नवं लावा.

फरशीच्या पाठीवर पांढरी भुकटी असते, भट्टीत चिकटू नये म्हणून लावलेली. ओल्या स्पंजानं ती पुसायचीच. मग पाठीला थापीच्या सपाट बाजूनं पातळ थर दाबून भरा. जमिनीवर १० मिमी दाताच्या थापीनं एका दिशेनं सरळ रेघा ओढा, फरशीच्या दोन फुटी बाजूला समांतर. गोल-गोल नक्षी काढायची नाही, तिच्यात हवा कोंडते. फरशी पंधरा किलोच्या आसपास असते. काचवाले वापरतात तसे दोन व्हॅक्यूम कप आणा. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्याला मुलगा. टेकवल्यावर रेघांना आडवी थोडी मागं-पुढं सरकवा म्हणजे रेघा मोडून एकजीव होतात. पहिली फरशी बसवली की लगेच उचलून पाठ बघा. जीव तुटतो, पण बघा. कोपऱ्यांसकट नव्वद टक्के भरलेली नसेल तर थापी जास्त उभी धरा. शेजारच्या फरश्यांच्या कडा एका पातळीत धरणाऱ्या क्लिप आणि पाचरी लांब बाजूला चार-पाच लावा. त्या शेवटच्या केसभर फरकासाठी असतात. पाचर पक्कडीनं ओढून फरशी खाली आणावी लागत असेल तर चूक जमिनीत आहे, फरशी उचला.

लांबीच्या दोन्ही टोकांना भिंतीशी १० मिमी फट मोकळी ठेवा, त्यात माल भरू नका. उन्हाळ्यात फरशी फुगते. साडेपाच मीटरच्या हॉलमध्ये वीस अंशांच्या फरकाला पाऊण मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जागा मिळाली नाही तर भर दुपारी टपकन आवाज होऊन मधल्या दोन फरश्या तंबूसारख्या उभ्या राहतात.

क्लिपा दुसऱ्या दिवशी सांध्याच्या दिशेनं लाथ मारून तोडा, आडवी मारली तर कड उडते. सांधे दोन दिवसांनी भरा. हॉलला पॉलिमरचा सिमेंट ग्राउट पुरे, इपॉक्सी स्वयंपाकघरासाठी ठेवा. इपॉक्सी फरशीवर वाळला तर निघता निघत नाही. रंग पांढरा घेऊ नका, शेतातून येणाऱ्या चपला आहेत. फरशीपेक्षा एक छटा गडद घ्या. कपाट आणि दिवाण आठवडाभर आत आणू नका.

दारं मात्र फरशी बसवायच्या आधी उतरवा. १५ मिमी वर आल्यावर दार उघडणार नाही, आणि आतून कडी लावलेलं दार नंतर बिजागरीवरून काढता येत नाही. हॉलचा मागचा दरवाजा आत उघडतो का बाहेर, तेवढं आणि दोन्ही कर्णांची मापं कळवा.